रबराचा पीळ

गाडी कण्हते आहे हे सगळ्यांत आधी वहिनींच्या लक्षात आलं आणि सगळ्यांत शेवटी भाऊंच्या. मधल्या काळात ते अख्ख्या इमारतीला कळून चुकलं होतं.

"अहो, उजवीकडे वळलात की खालून कुंईऽ करतंय."

"रस्त्याचा आवाज आहे तो."

"रस्ता कुंई करत नाही."

"तुला काय माहीत?" भाऊ म्हणाले, आणि पुढचे पंधरा दिवस ते जमेल तिथे डावीकडेच वळत राहिले.

भाऊ पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. जमिनीखाली कुठला नळ कुठून वळतो, कुठे जाड होतो, कुठे त्याला व्हॉल्व्ह आहे, हे सगळं त्यांच्या हातच्या रेषांत असायचं. कचेरीत तेव्हा कॉम्प्युटर यायचा होता. शाईचं पेन, टी-पट्टी आणि ट्रेसिंगचा कागद एवढ्यावर शहराची तहान भागायची. अशा मोजूनमापून जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतला बिघाड दुसऱ्याने दाखवलेला कसा आवडावा? त्यातून तो बायकोने दाखवलेला!

गाडी तशी साधीच. चार दारांची, सायीच्या रंगाची, दुसऱ्याने वापरून सोडलेली. पण ती आली तेव्हा त्या तीन मजली इमारतीत दुसरी गाडी नव्हती. त्यामुळे कागदोपत्री मालकी भाऊंची असली, तरी हक्क सगळ्यांचा होता. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचे दोन्ही डोळे त्याच गाडीतून ऑपरेशनला गेले आणि हिरवी पट्टी बांधून परत आले. तळमजल्यावरच्या औषधवाल्यांना जुळं झालं, ते त्याच गाडीतून घरी आलं. भाऊंची चिमी पहिलीत असताना मागच्या सीटवर उभी राहून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत असे. तिला वाचायला शाळेने शिकवलं की गाडीने, याबद्दल घरात दोन मतं होती. कागदावर गाडी पाच माणसांची होती. पण पोहायला जायचं म्हणून एका रविवारी तिच्यातून अकरा जण उतरले होते. बारावा डिकीत होता, पण तो स्वखुशीने.

आता तीच चिमी बारावी झाली होती. तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि "जाईन तर आपल्या गाडीतून, बसने नाही," असं तिने जाहीर केलं होतं. नेमकी त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनंतर वाहन कचेरीत नेऊन तपासून घ्यायचं आणि नोंदणी नव्याने करून घ्यायची, असा नियम. नापास झाली तर गाडी भंगारात. म्हणजे एका कुंईवर गाडीचं आयुष्य टांगलेलं होतं आणि चिमीचा हट्टही.

भाऊंना शेवटी आवाज मान्य करावा लागला, तो हेडमास्तरांमुळे. ते गच्चीतून ओरडले, "भाऊ, अहो गाडी आली की आम्हाला घड्याळ बघावं लागत नाही!"

झालं. गाडीभोवती सभा भरली. हेडमास्तरांनी गाडीखाली वाकून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही, पण निदान झालं. "रबर कोरडं पडलंय. चाकाच्या दांड्यांत रबरी बुश असतात. वंगण द्या."

"वंगण नको," औषधवाले म्हणाले. "फार उग्र. पेट्रोलियम जेली लावा. बाळाच्या कातडीला चालते, मग रबराला का नाही?"

दोन्ही सल्ले पटण्यासारखे होते आणि दोन्ही शेजाऱ्यांना दुखवून चालणार नव्हतं. भाऊंनी सकाळी वंगण आणि संध्याकाळी जेली असा क्रम लावून घेतला. सतरंजी अंथरून ते गाडीखाली शिरत. बाहेर फक्त दोन पाय दिसत. येणारे-जाणारे त्या पायांशी बोलून जात. आणि खरोखर, चौथ्या दिवशी आवाज थांबला! भाऊंनी कॉलर ताठ केली. औषधवाल्यांनी तो आपला विजय मानला, हेडमास्तरांनी आपला.

तीन आठवड्यांनी गाडी सरळ रस्त्यावर वाकडी चालू लागली. भाऊ स्टिअरिंग सरळ धरत आणि गाडी फुटपाथकडे अशी ओढ घेई की जणू तिथे तिचं माहेर आहे. आवाजही परत आला. आता कुंई नव्हे, खडाक्. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन आतलं रबर दाखवलं. पाण्यात राहिलेल्या बिस्किटासारखं ते फुगून लिबलिबीत झालं होतं.

"कुणी तेल पाजलं हो याला?" त्याने विचारलं. "तेलकट लागलं की रबर फुगतं, मग सडतं. रबराचा वैरी आहे तेल."

भाऊ काही बोलले नाहीत. घरी येऊन औषधवाल्यांना मात्र बोलले. औषधवाले म्हणाले, "हो, डॉक्टरांच्या रबरी हातमोज्यांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं तसं. जेली लावू नये म्हणून. मी रोज विकतो ना, त्यामुळे वाचायचं राहून जातं."

त्या गॅरेजवाल्याला सगळे पाचमिनिट म्हणत. कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर एकच, "पाच मिनिटं." हात मोठा चलाख, स्वभावाने गोड. काम एकदम पाच गाड्यांवर सुरू असायचं आणि पाचही मालक स्टुलांवर बसून एकमेकांचे दोस्त झालेले असायचे. त्याने गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, नट करकचून आवळले आणि गाडी खाली घेतली.

"बघा. पाच मिनिटं."

दिवस मावळायला आला होता, पण गाडी गप्प झाली होती.

दीड महिन्यांनी वाहन कचेरीत तपासणीची तारीख आली. भाऊंनी गाडी धुतली, स्वतःही इस्त्रीचा शर्ट घातला. रांगेत पुढे चौदा गाड्या होत्या. दर वेळी दोन हात पुढे सरकायचं आणि थांबायचं. बाराव्या वेळी सरकताना खालून आलं, कुंई. भाऊंनी हॉर्न वाजवून ते झाकलं. पुढचा माणूस उतरून भांडायला आला. त्या भांडणात नंबर आला. तपासनीस साहेब जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दोनदा दाबली, कान दिला आणि फॉर्मवर लिहिलं, 'पुढील भागातून कण्हण्याचा आवाज. दुरुस्त करून तीन महिन्यांत पुन्हा आणणे.'

"साहेब, 'कण्हण्याचा' म्हणजे जरा..." भाऊ म्हणाले. "'घर्षणाचा' लिहिलं असतं तर?"

"घर्षण मी पाहिलं नाही. कण्हणं ऐकलं," साहेब म्हणाले. "पुढचा नंबर."

पाचमिनिटने दुसऱ्यांदा बुश बदलले. तेही दीड महिन्यात गेले. तो म्हणाला, माल नकली आला असेल. हेडमास्तर म्हणाले, रस्ते. औषधवाले म्हणाले, वजन. असं म्हणताना त्यांनी हेडमास्तरांच्या पोटाकडे पाहिलं, आणि त्यामुळे दोघांचं बोलणं बंद झालं. भाऊंना रस्त्याचं पटलं, कारण रस्ता मोजता येतो.

एका रविवारी ते टेप, वही आणि चिमीला घेऊन निघाले. घरापासून कचेरीपर्यंत सतरा गतिरोधक, बेचाळीस खड्डे आणि रस्त्याला आडवा गेलेला एक चर. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली. चिमी टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभी होती. "बाबा, लोक बघतायत," ती म्हणाली. भाऊ म्हणाले, "बघू देत. नागरिक आहोत." पण चिमीने तक्रार केली तरी टेप सोडली नाही. दुपारी घरी परतताना तीच आकडे वाचून दाखवत होती आणि भाऊ नकाशावर ठिपके देत होते. पुढे कित्येक वर्षं तो दिवस आठवला की भाऊंना खड्डे आठवत नसत, टेपच्या त्या टोकाला डोळे बारीक करून उभी असलेली मुलगी आठवे.

त्या आडव्या चराने भाऊंचा संताप झाला. नीट न बुजवलेला, वीत-वीत खोल. रोज दोनदा गाडी त्यात आपटत होती. त्यांनी नगरपालिकेला नकाशासह तीन पानी अर्ज पाठवला. त्यात 'अक्षम्य', 'बेजबाबदार' आणि 'ज्या कोणा महाभागाने' हे शब्द होते.

तीन आठवड्यांनी कचेरीत भाऊंच्या टेबलावर एक फाईल आली. नगरपालिकेने अर्ज रस्ते विभागाकडे पाठवला होता. रस्ते विभागाने शेरा मारला होता, 'सदर चर पाणीपुरवठा खात्याने नळ टाकण्यासाठी खोदला आहे.' पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांनी तो नकाशा विभागाकडे लोटला होता, 'अर्जदारास उत्तर द्यावे.' सोबत त्या नळाच्या मूळ नकाशाची प्रत. खाली उजव्या कोपऱ्यात सुंदर वळणदार सही. भाऊंचीच.

चराची जागा भाऊंनी निवडली होती. कागदावर ती फार देखणी दिसत होती.

सरकारी कामात भावनेला जागा नाही. भाऊंनी उत्तर लिहिलं, 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे.' खाली सही केली. ते पत्र जावक कारकुनाने शिक्का मारून टपालात टाकलं, आणि दोन दिवसांनी पोस्टमनने ते वहिनींच्या हातात दिलं.

"काय लिहिलंय हो?"

"नोंद घेतलीय म्हणतात."

"कोण आहे हा साहेब? सही ओळखीची वाटते," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी सही नीट पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. हसू दाबताना हात चालत नाहीत.

आता तपासणीला चार दिवस उरले होते आणि चिमीच्या कॉलेजला नऊ. घरात वळकटी बांधलेली, ट्रंक रंगवून वाळत ठेवलेली. तिसऱ्यांदा गाडी पाचमिनिटकडे निघाली तेव्हा वहिनी पायांत चपला घालून उभ्या राहिल्या.

"तू कशाला?"

"मला बघायचंय हे रबर मरतं कसं ते."

वहिनी शिवणकाम करायच्या. आजूबाजूच्या चार शाळांचे गणवेश त्यांच्या मशीनवर व्हायचे. गॅरेजात त्या स्टुलावर बसल्या नाहीत, गाडीशेजारीच उभ्या राहिल्या. पाचमिनिटने गाडी घोड्यांवर चढवली. पुढची चाकं खाली लोंबकळू लागली. त्याने नवा बुश हातात घेतला तसा वहिनींनी तो मागून घेतला. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये रबर. त्यांनी आतली नळी बोटांनी फिरवून पाहिली. ती फिरली नाही. रबराला पीळ पडला आणि सोडताच ती जागेवर आली.

"ही आतली नळी नट आवळला की पक्की होते?"

"हो वहिनी. गच्च."

"आणि बाहेरची चाकाबरोबर वरखाली हलते. म्हणजे मधलं रबर पिळतं आणि सुटतं, पिळतं आणि सुटतं."

"बरोबर."

"मग तुम्ही आत्ता चाक लोंबकळत असताना आवळणार. गाडी खाली ठेवली की चाक एवढं वर येणार. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी रबराला कायमचा पीळ. खड्ड्यात गेली की त्यावर आणखी पीळ. मी इलॅस्टिक पूर्ण ताणून धरून टाका घातला, तर ते कायम ताणातच राहतं. महिन्याभरात जीव सोडतं. पोरांच्या चड्ड्या खाली येतात."

स्टुलांवरचे चार मालक हसले. भाऊही हसले. खरं म्हणजे सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. "अगं, ही गाडी आहे, चड्डी नव्हे."

पाचमिनिट मात्र हसला नाही. हातातला पाना तसाच धरून तो चाकाकडे बघत राहिला. मग हात पुसले, "पाच मिनिटं," म्हणाला आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत गेला. तिथे त्याचा म्हातारा उस्ताद राहायचा. चाळीस वर्षं बसच्या वर्कशॉपात काढलेला, आता गुडघ्यांनी बसवलेला. त्याला धरून बाहेर आणलं. वहिनींनी परत सगळं सांगितलं, चड्डीसकट.

उस्तादाने ऐकलं आणि पाचमिनिटच्या पाठीत एक धपाटा घातला. "तुला पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं मी? गाडी आधी तिच्या पायांवर उभी कर, मग शेवटचा आवळ दे! बाई शिवणयंत्रावर बसून जे ओळखतात ते तू पाना हातात घेऊन विसरतोस?"

"घाईत राहतं उस्ताद. वर असताना हात सहज पोचतो."

"हात सहज पोचतो! म्हणून रबराचा गळा आवळायचा?" मग तो भाऊंकडे वळला. "तेल रबराला मारतं. खड्डे, वजन, वय, सगळं मारतं. पण ते हळूहळू. दीड-दीड महिन्यात जातंय म्हणजे बसवतानाच मारलेलं असतं. आधीचे किती वर्षं टिकले?"

"मी घेतल्यापासून तेच होते. बारा वर्षं."

"इतक्या माणसांना नेऊन आणून बारा वर्षं! ज्याने ते बसवले त्याचे हात चांगले असणार," उस्ताद म्हणाला आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

त्या दिवशी नट आधी नुसते सैल अडकवले. गाडी खाली घेतली. हेडमास्तर योगायोगाने तिथून चालले होते. त्यांना आणि चारही मालकांना आत बसवून उतरवलं, गाडी दोन-चारदा दाबून तिची बैठक बसू दिली. मग पाचमिनिट जमिनीवर पालथा पडून, कोपरं सोलून घेत खाली सरकला आणि त्याने शेवटचा आवळ दिला. पाऊण तास लागला. पाच मिनिटं हा शब्द कोणी काढला नाही.

घरी येताना भाऊंनी मुद्दाम कचेरीच्या रस्त्याने वळसा घेतला. चर आला. गाडी आपटली. आवाज नाही.

"मी हसायला नको होतं," भाऊ म्हणाले.

"सगळेच हसले."

"सगळ्यांचं सोड. मी नको होतं."

वहिनी बाहेर बघत होत्या. "नोंद घेण्यात आली आहे," त्या म्हणाल्या.

वाहन कचेरीत तपासनीस साहेबांनी गाडी दोनदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली, चष्मा काढून कान दिला. मग फॉर्मवर लिहिलं, 'निरोगी.' भाऊंनी या वेळी शब्दाबद्दल तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी चिमीची ट्रंक टपावर, वळकटी डिकीत आणि चिमी मागच्या सीटवर उशी मांडीवर घेऊन, असे तिघे निघाले. निरोपाला अख्खी इमारत खाली आली होती. हेडमास्तर आणि औषधवाले शेजारी शेजारी उभे राहून हात हलवत होते. दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, कारण गाडी शेवटी वजन टाकूनच बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की मुळात वजनाचा मुद्दा आपलाच.

वसतिगृहात खोली बघून झाली, कपाटात कागद घालून झाला, नको असलेल्या सूचना देऊन झाल्या. दुपारी दोघं परत निघाले. गाडी इतकी शांत की इंजिनाची घरघर सुद्धा लांबून आल्यासारखी वाटत होती. सहा महिने घरात जेवताना, झोपताना एकच विषय होता. तो संपला होता. आणि मागे बसून मध्येच बोलणारं कोणी नव्हतं. चाळीस किलोमीटर असेच मागे पडले. मग वहिनींनी सहज मागे वळून पाहिलं.

"अहो, उशी राहिली तिची."

"देतील तिथे दुसरी. नाहीतर पार्सलने पाठवू."

"तिला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही."

 पुढचा फाटा आला तिथे भाऊंनी गाडी उजवीकडे पूर्ण वळवली आणि आल्या रस्त्याने चाळीस किलोमीटर परत नेली.

चिमी वसतिगृहाच्या फाटकाशी दगडी कठड्यावर बसली होती. गाडी दिसताच ती उठली नाही, नुसती बघत राहिली. वहिनींनी खिडकीतून उशी पुढे केली.

"राहिली नव्हती," चिमी म्हणाली. "मी ठेवली होती. तुम्हाला मागची सीट एकदम रिकामी दिसू नये म्हणून."

 भाऊंनी खाली उतरून उगाच पुढच्या चाकाकडे वाकून पाहिलं. नट जागेवर होता. मग फाटकासमोरच्या टपरीवर तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला, आणि त्यानंतर एकेक कप आणखी. उन्हं उतरायला लागली तेव्हा चिमीनेच दोघांना हाकललं.

उशी पुन्हा मागच्या सीटवर गेली. ती गाडी पुढे सहा वर्षं चालली, आणि विकली त्या दिवसापर्यंत तिथून कोणी ती उशी उचलली नाही.